देवगावचे न वाचलेले पान

औरंगाबादहून देवगाव रंगारीची सकाळची एस.टी. सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर आमच्या सरांनी संपादित केलेल्या स्थानिक इतिहासाचा नवाकोरा खंड होता. त्यासाठी आठवणी सांगणाऱ्या देवगावच्या करीमचाचांना तो देऊन यायचे होते. तरी मन काही हलके होत नव्हते.

सरांची एक पद्धत होती. गावाचा मजकूर छापण्याआधी तो त्याच गावच्या चावडीवर वाचून दाखवायचा. लोक चुका काढत, भांडत. सर मुकाट्याने दुरुस्त करत. उभी हयात त्यांनी यातच घालवली. देवगावचा मजकूर मी लिहिला, तोवर त्यांची नजर पार गेली होती, म्हणून मला म्हणाले, "तू वाचून ये." ऊन मी म्हणत होते, छापखान्याची घाई होती. मी गेलोच नाही, आणि वर 'वाचून आलो' असे ठोकून दिले.

दौलताबादचा किल्ला मागे पडला, तोच गाडी पंक्चर झाली. तासभर लिंबाखाली बसून काढला.

करीमचाचांनी आधी जेवायलाच बसवले. बाजरीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचे पीठ) घातलेली आमटी. शेजारच्या म्हाताऱ्या सखूबाई परटीणही येऊन बसल्या. मग मी निजामाचे राज्य गेले त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांचे पान वाचले: मुसलमान घरांवर हल्ले होत असताना पाटलांनी करीमचाचांच्या कुटुंबाला आपल्या गोठ्यात लपवले.

चाचांनी हात वर केला. "गोठा पाटलाचा, पर लपवलं या सखूनं! आठ दिवस धुण्याच्या गाठोड्यातून भाकरी आणल्या हिनं."

"पण तुम्हीच गोठ्याचं सांगितलं होतं."

"व्हय. लपवलं कुणी, ते तुम्ही इचारलंच नाय."

गोठ्यावरून अंदाज मीच बांधला होता. मला मान वर करवेना.

सखूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, साहेब. पाटलानं मला बघितलं व्हतं, पर बोलला नाय कुणापाशी. ते बी लई व्हतं."

संध्याकाळी परतल्यावर सरांना सगळे सांगितले, माझ्या थापेसकट. ते रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी सखूबाईंचे बोलणे दोनदा म्हणायला लावले. मग चाचपडत स्वतःची प्रत पुढे सरकवली. "समासात लिही. त्यांच्याच शब्दांत."

मी लिहिले. बाकीच्या प्रती तोवर गावोगावच्या शाळांत पोचल्या होत्या. सखूबाईंचे नाव त्या एकाच प्रतीत आहे, आणि सरांना ते कधी वाचता आले नाही.