मागची सीट

जुनी गाडी घ्यायची म्हणून मी कंटाळत दर रविवारी धुळ्याच्या बाजारात जायचो. बजेटात बसेल ती गाडी मनाला पटायची नाही. तिथे नरडाण्याकडचा एक माणूस हमखास दिसायचा. तो बॉनेट उघडतच नसे. चपला काढून मागच्या सीटवर आडवा व्हायचा आणि डोळे मिटायचा. दलाल वैतागायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "इंजिन नाही बघत?"

"इंजन मंग देखसूत, भाऊ. दवाखानामा जाताना मनी माय आठे झोपनार शे."

पाय अवघडले की तो निमूट उठून पुढच्या गाडीकडे जायचा.

परवा आईची तब्येत विचारावी म्हणून त्याला शोधलं, तर तो पलीकडे जुन्या मोटारसायकली बघत होता.