रोज पुसलेली गाडी

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि गाडी सुरूच होईना. चावी फिरवली की नुसतं टकटक. बॅटरी पार उतरलेली. माझं डोकंच फिरलं. पुण्याला परत निघताना दर वेळी घसा कोरडा करून सांगायचो, आठवड्यातून एकदा तरी इंजिन चालू करा. पण बाबा काय करायचे? रोज सकाळी गाडीवरची पोलादाच्या प्लांटची लाल धूळ पुसायची, विश्वकर्मा पूजेला बोनेटवर हळदीकुंकू वाहायचं आणि वर कव्हर चढवायचं. चावीला मात्र हात लावायचा नाही! गाडी देव्हाऱ्यातच ठेवायची होती मग!

शेजाऱ्यांची गाडी समोर आणून, वायरी जोडून, एकदाची सुरू केली. तरी माझा राग जाईना. हुडको कॉलनीतल्या आमच्या गल्लीत, शेजाऱ्यांच्या देखत मी ओरडलो, "जिंदगीभर प्लांटच्या भट्टीवर काम केलं न तुमी? भट्टी एक दिवस तरी थंडी पडू देली का? मंग गाडी कावून पडू देली?"

बाबा हातातल्या फडक्याची घडी करत होते. मान वर न करता म्हणाले, "भट्टीवर तीन शिफ्टची मानसं होती, बेटा. इथं मी एकलाच आहो."