गिटारीतली कांडी

“ब्लेड खाली ठेवा. खाली ठेवा म्हणतो ना आधी.”

हे मी ओरडत होतो. किती मोठ्यानं, तर समोरच्या रसवंतीतला चरक अर्ध्या उसावर थांबला, रिक्षावाल्यांनी आपापले हॉर्न तपासून बघितले आणि पार नव्या पेठेत साड्या बघत बसलेल्या बायकांनी पदर मांडीवर तसाच ठेवून कुठं भांडण लागलं म्हणून माना वर केल्या. मोटार वायंडिंगवाल्या चाचांनी मात्र ब्लेड खाली ठेवलं नाही. नुसतं हवेत थांबवलं.

“साहेब, जळालेली कॉइल अशीच काढतात,” ते म्हणाले. “कापायची, तांबं भंगारात टाकायचं, नवीन तार भरायची. पंप असू दे, मिक्सर असू दे. ह्या गिटारीत काय सोनं भरलंय?”

“जळालेली नाही ती.”

“मग मीटर का बोलत न्हाय? मुकी का हाय?”

माझी मुलगी बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर गिटार उताणी, पोट उघडलेली. ती म्हणाली, “पप्पा, हळू बोला. चाचा, ती कॉइल माझ्या आईनं भरलीये. आई नाही आता.”

चाचांनी ब्लेड काउंटरवर ठेवलं.

“मग तसं सांगायचं की,” ते म्हणाले. “ओरडायला काय झालं.”

आता आमच्या घरात गिटार कशी जन्माला आली ते सांगायलाच पाहिजे. मुलगी डावखुरी. कॉलेजला गेली आणि तिला इलेक्ट्रिक गिटारीचं वेड लागलं. डाव्या हाताची गिटार सोलापुरात शोधायची म्हणजे मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर माणूस शोधायचा. एक दुकानदार म्हणाला, “उजव्या हाताचीच न्या की साहेब, उलटी धरली म्हणजे झालं.” मी त्याला म्हणालो, “तू उद्यापासून चपला उलट्या घालून दुकानात ये, मग बोलू.” आणि त्याच तावात, जिना चढता चढताच जाहीर केलं की पोरीची गिटार मी स्वतः, घरात, ह्या दोन हातांनी बनवणार. मी नातेपुत्याकडचा माणूस. आमच्याकडं आधी बोलतात, मग ते कसं करायचं हे शेजाऱ्याला विचारतात.

बायको पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

“तुम्हाला खिळा मारता येत नाही,” ती म्हणाली. “गणपतीत माळ लावायला गेलात तर शेजाऱ्यांच्या हॉलमधनं टोक निघालं.”

“भिंत पातळ आहे.”

“व्हय. भिंतच पातळ हाय.” मला चिडवायचं असलं की ती माझ्या आईसारखं बोलायची. एरवी तिची मराठी माझ्यापेक्षा चोख होती. माहेर तिचं पूर्व भागातलं, विणकरांचं, तेलुगू बोलणारं. भांडण मराठीत आणि हिशोब तेलुगूत, अशी वाटणी तिनं लग्नानंतर लगेच करून टाकली होती.

लाकूड तिच्याच माहेरातनं आलं. सासऱ्यांनी जुना हातमाग मोडून माळ्यावर ठेवला होता. त्याचा एक सागवानी खांब मी मागितला. “न्या,” सासरे म्हणाले, “फक्त चुलीत घालू नका.” तो खांब इतका जड होता की रिक्षात मागं ठेवल्याबरोबर पुढचं चाक हवेत गेलं आणि आम्ही जुळे सोलापुरातल्या घरापर्यंत विमान सुटल्यासारखे तिरपे आलो. तसं काही झालं नव्हतं असं बायको चारचौघांत सांगायची. पण तिनं रस्ताभर डोळे मिटून घेतले होते, तिला काय माहीत?

मग गॅलरीत माझा कारखाना सुरू झाला. करवत, रंधा, पॉलिश पेपर. भाकरीला सागाचा वास यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या पापडांवर भुसा पडला, आणि यंदाचे पापड काही वेगळेच खुसखुशीत झालेत म्हणून त्यांनी सगळ्या बिल्डिंगला वाटले. गिटारीची मान मात्र तयार मागवली. मी थापा मारतो, पण मान घडवली म्हणण्याइतक्या नाही.

खरी मेख पुढंच होती. इलेक्ट्रिक गिटारीच्या पोटात, तारांच्या खाली, चुंबकावर तांब्याची तार गुंडाळलेली एक कॉइल असते. वरच्या तारा थरथरल्या की तिच्यात वीज खेळते, आणि तीच पुढं भोंग्यातनं आवाज होऊन निघते. कॉइल नाही तर गिटार म्हणजे पोळपाट. ती तार केसासारखी असते म्हणतात. खोटं आहे. तिच्यापुढं केस म्हणजे विहिरीचा दोर. मी व्हिडिओत बघून ड्रिल मशीनवर ती गुंडाळायला घेतली. मशीन सुरू झालं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या तारेनं पंखा, मी आणि गॅसची टाकी ह्यांना एकत्र बांधून टाकलं.

बायकोनं कात्रीनं मला मोकळं केलं. “सरका,” ती म्हणाली. “तुमच्यात कुणी कांडी भरलीये का कधी?”

कांडी म्हणजे विणताना धोट्यात बसवतात ती सुताची गुंडाळी. त्यांच्या घरातल्या पोरी बोलायला लागायच्या आधी कांडी भरायला शिकतात. म्हणजे मी तरी लोकांना असंच सांगतो. तिनं दुसऱ्या दिवशी माहेरचा कांड्या भरायचा रहाट आणला, हॉलमध्ये फरशीवर मांडला, आणि चुंबकाची पट्टी त्याच्या चातीला, म्हणजे फिरत्या सळईला, बसवली. जेवणं आवरली की ती बसायची. एक हात रहाटावर, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतनं तार सरकतेय, आणि स्वतः बघतेय तिसरीकडंच, टीव्हीकडं. तार तुटत नव्हती. मी वेड्यासारखा बघत बसायचो.

“किती वेढे झाले?”

“मोजायचं नसतं. भरली की कळतं.”

“व्हिडिओत मोजतात.”

“त्यांना बोटं नसतील.”

एकदा तिनं रहाट थांबवला आणि म्हणाली, “मी भरलेल्या कांड्यांच्या चादरी झाल्या. लोक त्या पांघरून घोरत पडले. ह्या कांडीचा आवाज होणार म्हणता ना? तो मला ऐकायचाय. पोरीला सांगा, पहिल्यांदा माझ्यापुढं वाजव.”

सांगितलं. पोरगी म्हणाली, त्यात काय सांगायचं.

दिवाळीनंतर बायकोचं दुखणं निघालं. दवाखाना, सलाईन, पुन्हा दवाखाना. रहाट कोपऱ्यात गेला. मग थोडं बरं वाटलं की ती म्हणायची, “द्या तो इकडं.” मला बरंच वाटायचं, तेवढाच जीव रमतो. औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी विचारलं तर म्हणायची, “थोड्या मुंग्या येतात.” ती आत रहाट फिरवायची आणि मी गॅलरीत गिटारीला पॉलिश करत जगातल्या सगळ्या गोष्टींवर मोठमोठ्यानं बोलायचो, म्हणजे तिला आत एकटं वाटू नये.

एक दिवस आतनं म्हणाली, “अहो, तार तुटली होती. जोडली मी.”

“कशी?”

“कशी म्हणजे? गाठ मारली. सूत तुटलं म्हणून कुणी माग बंद ठेवतं का?”

मी आत जाऊन बोट फिरवून बघितलं. गाठ हाताला लागलीसुद्धा नाही. विणकरांची गाठ तशीच असते, मागाच्या फणीतनं जाताना अडकत नाही. मी ते कौतुक बिल्डिंगभर सांगून आलो. सांगताना ती गाठ एवढी बारीक केली, एवढी बारीक केली, की शेवटी ती सुईच्या नेढ्यातनं हत्तीसकट जाईल असं झालं.

पुढं किती दिवस ती भरत होती, मला आठवत नाही. एकदा सकाळी तिनं कॉइल माझ्या हातात दिली. “घ्या. भरली.” मी ती गिटारीत बसवली. वरच्या तारा अजून यायच्या होत्या.

त्या यायच्या आत ती गेली.

गिटार कपड्यात गुंडाळून कपाटावर पडली. पावसाळा गेला. मग एका रविवारी मुलीनंच ती खाली काढली, तारा लावल्या, सूर जुळवले, भोंग्याला जोडली. डाव्या हातानं मारलं. भोंग्यातनं नुसती घुर्र. पुन्हा मारलं. घुर्र. मी प्लग बदलला, केबल बदलली, भोंग्याला चापट्या मारल्या, वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती म्हणाली, “पप्पा, पुरे.” आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चाचांच्या दुकानात होतो.

तर ब्लेड काउंटरवर. चाचांना मी गाठीची गोष्ट सांगितली, बिनहत्तीची.

“गाठ?” ते म्हणाले. “तांब्याच्या तारेला गाठ?” हसायला लागले, आणि मुलीकडं बघून थांबले. “बेटा, ह्या तारेवर वार्निश असतं. कातडीसारखं. ते खरवडून, कथिलानं झाळून जोडावी लागते. नुसती गाठ मारली की तार जुळते, करंट नाय जात. तुझ्या अम्मीला कोण सांगणार हे. सुताचा हात तिचा.”

सांगणारा मी होतो खरा, चार देशांतले व्हिडिओ बघितलेला. पण तेवढंच व्हिडिओत नव्हतं.

“एकच गाठ हाय ना?” चाचा म्हणाले. “तिथपर्यंत उलगडतो, झाळतो, परत भरतो.”

“नको,” मी म्हणालो. “दुसरी तयार कॉइल बसवा. ही मला तशीच द्या.”

“काय करणार तशीच घेऊन?” मुलगी म्हणाली.

“ठेवणार.”

“कपाटात?”

“कपाटात.”

“तिला ऐकायची होती, पप्पा.”

“आता कोण ऐकणार आहे?”

“मी,” ती म्हणाली. “मी ऐकणार आहे.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि तारेचं बाहेरचं टोक सोडवलं.

पहिली गाठ लगेच आली. चाचांनी भिंग लावून दाखवली. गाठ कसली, गुंता होता, दोनदा-तीनदा फिरवून आवळलेला. “ही बघा,” ते म्हणाले, आणि पुढं दोन-चार वेढे जातात न जातात तो म्हणाले, “अजून एक.” मग अजून एक. मग एका वेढ्यातच दोन. मग चाचा नुसतं बोट ठेवून दाखवायला लागले. माझ्या बायकोनं मला एक गाठ सांगितली होती. मी मोजल्या नाहीत.

“ह्या सगळ्या दवाखान्यानंतरच्या आहेत,” मुलगी म्हणाली. “तिला तार लागतच नव्हती हाताला. ताण कळत नव्हता.”

बाहेरचे वेढे म्हणजे शेवटचे वेढे. जसजसं आत जावं तसतशा गाठी लांब लांब यायला लागल्या. लहान होत गेल्या. एक अशी आली की चाचांच्या नखाला लागली नाही, भिंगातनंच दिसली. ती बहुतेक मी बोट फिरवून बघितली ती. तिच्यापुढं बराच वेळ काही आलं नाही. चाचांनी तिथं तार तोडली, टोक खरवडलं, मीटर लावला. मीटर बोलला.

“हितनं आत एकसुद्धा गाठ न्हाय,” चाचा म्हणाले. “अख्खी हाय. पण वेढे लई कमी झाले. आवाज कमी येणार. वरनं नवीन तार भरू का? मशीनवर लगेच होतंय.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी नाही अशी मान हलवली. ओरडलो नाही.

“नको,” ती म्हणाली. “आहे तेवढीच राहू दे.”

निघालेली तार चाचांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून माझ्यापुढं सरकवली. मी ती मुठीत घेतली. हातात काही आहे असं लागत नव्हतं. चाचा झाळायला बसले, मुलगी बॅगेतनं तिचा छोटा भोंगा काढायला लागली, आणि मी चहा सांगतो म्हणून बाहेर पडलो. चहावाला दुकानाला लागूनच होता. मी त्याला ओलांडून पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथं रिक्षांच्या गर्दीत उभा राहिलो, मूठ तशीच. तिथं स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता.

परत आलो तेव्हा गिटारीचं पोट बंद झालं होतं. चाचा दुसऱ्या कुणाच्या पंख्यावर वाकले होते. मुलगी केबल गुंडाळत होती.

“वाजली?”

“वाजली.”

“कसा येतोय आवाज?”

“बारीक येतोय,” ती म्हणाली.