हवेला दारं धरणारे तात्या

लोकांच्या घरात शिडी लावून उभं राहिलं की किस्से आपोआप जमतात. खालच्यांना वाटतं, वर चढलेल्याला ऐकूच येत नाही! मी बारामती-इंदापूर भागात दोन उन्हाळे हेच काम करतेय. नव्या बंगल्यांना एकच मोठा एसी, फॉल्स सीलिंगच्या आडून पत्र्याचा डक्ट, आणि प्रत्येक खोलीकडं जाणाऱ्या फाट्यात एक झोन डँपर. म्हणजे मोटरवर फिरणारी पत्र्याची पाती. खोली गार झाली की मिटते, तापली की उघडते. मी मेकॅनिकलची इंजिनिअर. गणितं माझी, पत्रा तात्यांचा.

तात्या पिंपळीचे. साठी उलटलेली. पूर्वी धान्याच्या कोठ्या बनवायचे, आता डक्ट आणि पात्या. सगळं हातानं. मी कामाला लागले त्याच आठवड्यात आमच्या शेठना सांगितलं, "हातानं केलेले डँपर कशाला? पुण्याहून रेडीमेड मागवा. माप पक्कं, गॅरंटी पक्की."

शेठना पटलं. त्यांनी तात्यांना बोलावलं. "पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या डँपरची एक जरी तक्रार आली, तर त्यानंतर सगळं रेडीमेड."

म्हणजे तात्या घरी. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. 'आमी असंच करत आलोय' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

तात्या एवढंच म्हणाले, "बघू की."

*

त्या उन्हाळ्यातल्या पहिल्याच कामात, सुप्याला, आमचं वाजलं. तात्यांनी केलेली पाती आणि डक्ट यांच्यात बारीक फट होती. मी म्हटलं, "ही फट चालणार नाही. पाती कडेला घट्ट बसली पाहिजे. ड्रॉइंग बघा."

"मॅडम, पातीला जरा अंग हलवायला जागा लागती."

"पाती आहे ती, म्हैस नाही!"

तात्यांनी वाद घातला नाही. ड्रॉइंगप्रमाणं घट्ट पाती केली, बसवली. डक्ट छताला टांगला, स्वतःच्या वजनानं किंचित दबला, आणि माझी पाती अर्ध्यात अडकली. मोटर नुसती गुरगुरत होती. दुसऱ्या दिवशी शेठ बघायला येणार होते.

तात्या गाडीकडं गेले आणि फट ठेवलेली दुसरी पाती घेऊन आले. ती त्यांनी माझ्या पातीच्या आधीच करून ठेवली होती!

मी विचारलं, "मग माझी कशाला केलीत?"

"तुमी शिकलेल्या. न्हाय कसं म्हणायचं?"

शेठना यातलं एक अक्षर कळलं नाही.

*

इंदापूरजवळ मी एका ऊसवाल्या बागायतदारांना झोनिंग समजावत होते. लॅपटॉप, स्लाइड, रंगीत बाण. अर्धा तास झाला. मालकांचे डोळे मिटायला लागले.

कोपऱ्यात पत्रा कापत बसलेले तात्या मान वर न करता म्हणाले, "राव, पाटाचं पाणी हाय असं समजा. एक वाफा भरला की त्याचं दारं मिटायचं, दुसऱ्याचं मोडून तिकडं पाणी सोडायचं. तुमी रानात दारं धरता, हितं मशीन धरतंय."

मालक ताडकन सरळ बसले. "एवढंच व्हय? मग ह्या बाईंना एवढा टाइम का लागला?"

*

त्याच घरात तात्यांनी मला विचारलं होतं, "सगळी दारं एकदम मिटली, तर हवा जाईल कुठं? सांडवा ठेवू का?"

मी म्हटलं, "तात्या, घरात माणसं राहतात. सगळं बंद करून कोण बसेल? नको ते जादा काम!"

आठ दिवसांनी मालकीणबाईंचा फोन. "छतातनं शिट्ट्या येत्यात! मी दर शिट्टीला कुकर बघायला पळतीया!"

गेलो. काकू काटकसरी. दुपारी घरात एकट्याच, म्हणून त्यांनी सगळ्या खोल्या बंद करून फक्त देवघर चालू ठेवलं होतं. देवाला उकडू नये म्हणून! अख्ख्या बंगल्याची हवा त्या एवढ्याशा फाट्यातून घुसत होती आणि डक्ट किंचाळत होता.

ही तक्रार मोजली तर तात्या गेले, आणि चूक सगळी माझी.

तात्या वर चढले, दोन स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. शिट्टी बंद! जादा हवा निमूटपणे एसीकडं परत जायला लागली.

"हे कधी केलंत?"

"तवाच. तुमी नको म्हणाला म्हणून झाकून ठिवलं हुतं."

पुस्तकात याला बायपास डँपर म्हणतात. परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न होता. मला नऊ पडले होते!

शेठना मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. चूक माझी, ड्रॉइंग माझं, तक्रार माझ्या नावावर लिहा. शेठ म्हणाले, "बरं. पण तात्यांची अट तीच."

*

बारामतीतल्या एका घरी हवा मोजायची होती आणि माझं मीटर ऐन वेळी बंद पडलं. तात्यांनी उदबत्ती मागितली. छतातल्या हवेच्या प्रत्येक जाळीखाली धरायची, धूर कसा वाकतो ते बघायचं, आणि पाती थोडी इकडं-तिकडं करायची. खोलीमागून खोली.

त्या घरातल्या आजी हात जोडून मागं मागं फिरत होत्या. शेवटच्या खोलीत त्यांनी नारळ पुढं केला. "आता हितंच फोडू का?"

मी समजावायला तोंड उघडलं. तात्या म्हणाले, "फोडा की."

नंतर मीटर चालू झालं. मी पुन्हा सगळ्या खोल्या मोजल्या. उदबत्तीच्या कामात मला एक चूक सापडली नाही. खोबरं मात्र मी दोनदा घेतलं.

*

आणि मग कळस.

उन्हाळा संपायला आठवडा उरला होता. तात्यांच्या नावावर एकही तक्रार नव्हती. रेडीमेडचा विषय मीच काढला होता, आणि आता तो कुणी काढू नये म्हणून मी जपत होते. तेवढ्यात कळस गावच्या डाळिंबवाल्यांचा फोन आला. घरातले थोरले आबा, वय ऐंशी, त्यांची खोली गारच होत नाही. चार दिवस झाले.

शेठ स्वतः आले. गाडीत रेडीमेड डँपरचा खोका.

आबांची खोली बंगल्याच्या पार मागं, एकटी. ती तापते म्हणून त्यांचा पलंग हॉलमध्ये आणला होता. आम्ही पोचलो तेव्हा सुना पलंगाला टेकून शेंगा फोडत होत्या, खाली नातवंडांचा कॅरम चालू होता, आणि आबा वरून ओरडत होते, "तिरका मार! तिरका!"

सगळे मागच्या खोलीत आले. तात्या शिडीवर चढले, दुसऱ्या बाजूनं टॉर्च घेऊन मी. फॉल्स सीलिंगचं झाकण सरकवून आधी पाती बघितली. सताड उघडी. मग जाळी सैल केली.

जाळीच्या मागं एक पांढरं धोतर. छान घडी घालून, ठासून बसवलेलं. पलंग इथं असताना त्यावर स्टूल ठेवून चढल्याशिवाय तिथं हात पोचला नसता. ऐंशीव्या वर्षी!

तात्यांनी खाली आबांकडं बघितलं. आबा काठीच्या टोकाकडं बघायला लागले.

"काय तात्या?" शेठनी विचारलं. "पाती?"

तात्यांनी धोतर बोटानं आणखी आत सरकवलं आणि जाळी लावली. "व्हय शेठ. पाती अडकतीया. माझंच चुकलं."

मी ओरडणारच होते. तात्यांनी शिडीवरच माझ्या पायावर पाय दिला.

शेठनी उसासा सोडला. "मग ठरल्याप्रमाणं, तुमच्या पात्या बंद. खोका आणा गाडीतला."

"थांबा!" आबांची काठी फरशीवर आपटली. "ह्या माणसाच्या हातची एकबी पाती माझ्या घरातनं निघणार न्हाय."

मुलगा चक्रावला. "अवं आबा, तुमचीच खोली तापतीया!"

"तापू दे. मला गार सोसत न्हाय."

"मग चार दिस तक्रार कशाला करताय?"

"कुणी केली तक्रार? शेठ, लिवून घ्या. माझी कसलीबी तक्रार न्हाय!"

शेठनी आबांकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी छताकडं बघत होते. "तक्रारच नसेल," ते म्हणाले, "तर मी कशाला बदलू?" खोका गाडीतच राहिला.

मुलानं डोकं खाजवलं. "मग आबा, पलंग परत हितं आणायचा ना?"

आबा आणि तात्या एकदमच ओरडले, "न्हाय!"