गुंड्याच्या दातांचा खर्च

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. तो निवला की माझा धीरही निवेल. राक्षसाचा प्राण त्याच्या देहात नसतो, दूर कुठल्याशा पोपटात असतो, अशा कथांवर व्याख्याने देऊन मी जी काही थोडीबहुत पत कमावली होती, ती एका कुत्र्याच्या दातांपायी कशी गेली, त्याची ही हकिगत.

तेव्हा आम्ही घाटकोपरला राहत होतो. दोन खोल्यांत चौघे: मी, पत्नी सुमन, माझे वडील अण्णा आणि गुंड्या. गुंड्या हा कुत्रा. दूधवाल्याच्या सायकलची घंटी वाजली तरी पलंगाखाली शिरणाऱ्या प्राण्याला हे नाव कोणी ठेवले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. अण्णा मूळचे मालवणकडचे, उभा जन्म गिरणीत गेलेला. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागणे सोडले. हजामतीचे पैसेसुद्धा.

तर झाले असे, की गुंड्याने खाणे सोडले. सुमन त्याच्या थाळीत दूधभात घाली. तो हुंगे आणि तोंड फिरवून निघून जाई. तोंडाला वासही येऊ लागला होता. निरीक्षण हा माझा पेशा. मी काही दिवस त्याच्यावर बारीक नजर ठेवली आणि निदान केले: दात.

"अहो, पण तो चांगला गुबगुबीत दिसतोय ना," सुमन म्हणाली.

"सूज असेल."

हसू नका. पुढे याहून बरेच आहे.

त्याच सुमारास अण्णा रात्री भाकरी संपवून वर वाटीभर पेज मागू लागले होते. ते माझ्या नजरेतून निसटले असे समजू नका. उतारवयात माणूस आपल्या मूळ प्रदेशाच्या अन्नाकडे कसा परततो, याचे उत्तम उदाहरण म्हणून मी ते वर्गात सांगितले. पहिल्या बाकावरच्या मुलींनी उतरवूनही घेतले.

गुंड्याला रिक्षात घालून साकीनाक्यावरून अंधेरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याचे ओठ वर करून पाहिले.

"कीटण चढलंय, सर. साफ करून देतो. भूल द्यावी लागेल. सगळं मिळून तीनशे."

आमचे दोन महिन्यांचे घरभाडे तेवढे नव्हते.

"पण एक सांगू?" डॉक्टर म्हणाले. "एवढ्यानं कुत्रा खाणं सोडत नाही. आणि उपाशी कुत्र्याचं वजन असं वाढत नाही. घरात कोणी चोरून काही घालतं का?"

"छे. मी स्वतः लक्ष ठेवून आहे."

संध्याकाळी अण्णांना आकडा कळला.

"दात घासूक तीनशे रुपये? तेका काय लग्नाक उभो करतंस?"

"अण्णा, मुका जीव आहे. दुखतंय हे तो सांगणार कसं?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग गुंड्याच्या कानामागे खाजवत म्हणाले, "नको रे झिला. तेका काय एक झाला नाय."

"तुम्हाला काय ठाऊक?"

ते पुन्हा गुंड्याचा कान खाजवू लागले. मला वाटले, जुन्या पिढीची काटकसर. मग मी त्यांना समजावले, की जो बोलत नाही त्याचे दुखणे ओळखायला नजर लागते. हे मी कोणाला सांगत होतो, ते पुढे बघा.

दात साफ झाले. गुंड्या घरी आला तो मोगऱ्याच्या कळ्या तोंडात घेऊनच. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या आणि "आमच्या ह्यांचेपण असे करून देतील काय हो?" असे विचारून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दूधभात होता तसाच.

रात्री जेवायला बसलो. तीनशे रुपये पाण्यात गेल्यामुळे मी गप्प होतो, आणि मी गप्प असल्यामुळे घरात कधी नव्हे ती शांतता होती. त्या शांततेत आवाज आला. कुर्रुम. कुर्रुम.

मी वाकून पाहिले. अण्णांच्या पाठीमागे गुंड्या डोळे मिटून भाकरीची कड चावत होता. अण्णांचा हात पाठीमागे गेलेला, आणि त्या हातात पुढचा तुकडा.

"अण्णा?"

अण्णा क्षणभर अवघडले. मग म्हणाले, "तीनशे रुपयांचे दात. बघ कसे चालतत."

सुमनला माझ्याआधी कळले. ती उठून त्यांच्यासमोर बसली. "अण्णा, आ करा."

"कित्याक?"

"करा ना."

त्यांनी लहान मुलासारखे तोंड उघडले. एका बाजूची हिरडी लालभडक सुजलेली, दोन दाढा हलत होत्या.

"कधीपासून आहे हे?"

"गणपतीपासून."

होळी तोंडावर आली होती.

"आणि बोलला नाहीत?"

"तू एवढी मायेन भाकरी करतंस, ती पानात टाकू कशी? आणि ह्येका सांगलंय तर ह्यो दाक्तरकडे नेतलो. मी आता खय कमवतंय?"

सुमनने त्यांच्या पानातली उरलेली भाकरी काढून घेतली. गुंड्या मात्र चावत होता.

मग सुमन माझ्याकडे वळली. "राक्षसाचा प्राण पोपटात असतो, यावर तुम्ही तासतासभर बोलता ना?"

"हो."

"मग अण्णांचं दुखणं कुत्र्यात होतं, ते नाही दिसलं?"

माझ्या व्याख्यानांवर इतकी नेमकी टीका त्यानंतर कोणी केलेली नाही.

अण्णा दातांच्या डॉक्टरांकडे यायला तयार होईनात. अखेर एका अटीवर कबूल झाले: "कुत्र्यापरास एक पैसो जास्त देवचंय नाय." मी डॉक्टरांना आधीच गाठून, कितीही झाले तरी मोठ्याने तीनशेच म्हणा, असे पढवून ठेवले.

डॉक्टरांनी अण्णांना खुर्चीत बसवले, दिवा तोंडावर घेतला आणि आत पाहून ते चुकचुकले. "आजोबा, हे फार दिवसांचं दिसतंय. मुकाट सोसत राहिला असतात. लक्षात कोणाच्या आलं?"

अण्णांचे तोंड उघडे, बोलता येईना. त्यांनी हात उचलला आणि मोठ्या कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवले.

वडिलांचा शब्द मी सहसा खाली पडू देत नाही. पण तिथे काही मला राहवले नाही.

"नाही डॉक्टर," मी म्हणालो, "आमच्या कुत्र्याच्या."