मंगळवार बायकांचा

पेलागिया स्कोव्ह्रोन धुणं धुवायची. आमच्या ओल्शांका गावात लग्नाच्या चादरी, पाद्रीबाबांचे झगे, मेलेल्या माणसाचा शेवटचा सदरा, सगळं तिच्या हाताखालून जायचं. हाडापेराने दणकट बाई, आणि तोंडाची फटकळ. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत. जर्मनांनी तिच्या नवऱ्याला नेलं तेव्हा तिने आधी चुलीवरचं पाणी उतरवलं, मग दाराला कडी लावली. आत काय केलं ते तिचं तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी दोरीवर कपडे होते.

लढाई संपली, जर्मन गेले. चौकातल्या औषधवाल्याच्या घरात त्यांचे पोलीस बसायचे, तिथेच आता आपले सुरक्षा पोलीस येऊन बसले. शाळेत आपलीच फौज उतरली. टोपीवर आपल्या देशाचाच गरुड, फक्त नव्या सरकारने त्याच्या डोक्यावरचा मुकुट काढलेला. शिव्या आपल्या भाषेत. खुर्च्या मात्र त्याच, आणि तळघरही तेच. जर्मनांचा मला राग यायचा. यांची तर किळस आली.

पेलागियाचा मुलगा झेनेक लढाईत जंगलात राहून जर्मनांशी लढला होता. उद्या आपल्यावरही उलटतील म्हणून नव्या सरकारला नेमकी तीच पोरं नकोशी झाली. तो घरी परतून गाड्यांची चाकं बनवायला लागला होता. ईस्टरच्या आधीच्या उपासात त्याला भर बाजारातून उचलला, रंधा हातात असताना.

दुसऱ्या दिवशी पेलागिया टोपलीत पाव आणि कांदे घेऊन औषधवाल्याच्या दारात गेली. पहाऱ्यावर वित्सेक होता, शेजारच्याच खेड्यातला, अंगावर न बसणारा कोट घातलेला.

"असा कुणी इथे नाही, मावशी."

"नाही तर नाही. उद्या येते."

ती रोज जायची आणि तो रोज तेच सांगायचा. 'इथे नाही' याचा अर्थ आम्हाला पुरता कळत होता. जो इथे नाही, तो कुठेच नाही. त्याला उद्या गाडीत घालून रानात नेला आणि गोळी घातली, तरी जाब कुणाला विचारणार? माझा भाऊ फेलेक हिवाळ्यापासून असाच 'नव्हता'. मी दोनचारदा विचारलं आणि गप्प बसले. पेलागिया गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

तिथला साहेब लेफ्टनंट मरोझिक. त्याचे शर्ट तिच्याकडेच धुवायला यायचे, नको म्हणायची सोय नव्हती. एकदा एका शर्टाच्या बाहीवर रक्त होतं. तिने तो न धुता घडी घालून परत नेला. म्हणाली, "हे ज्याने लावलं त्याने काढावं. गार पाण्यात भिजवा, गरम पाण्यात डाग बसतो." बाकीच्या शर्टांच्या कॉलरला तिने अशी खळ घातली की साहेबाला आठवडाभर मान वळवता येईना. आम्ही बायका पाण्याच्या पंपावर पोट धरून हसलो. भीती होतीच, पण हसू आलं ते आलं.

मग ईस्टर आला. ईस्टरच्या सोमवारी आमच्याकडे पुरुष बायकांना पाण्याने भिजवतात आणि मंगळवारी बायका पुरुषांना. रागवायचं नाही. उलट कोरडं राहिलं तर लोक कीव करतात. त्या सोमवारी वित्सेक आणि शाळेतले शिपाई चौकातल्या पंपावर बादल्या भरून पोरींच्या मागे धावत होते. मरोझिक पायरीवर सिगारेट ओढत हसत होता, जसा काही आमचा मामाच.

तेवढ्यात पेलागिया टोपली घेऊन आली. वित्सेकने सवयीने बादली उचलली आणि तिच्या अंगावर ओतली. ओतल्यावर त्याला कळलं कोण आहे ते. पळणाऱ्या पोरी होत्या तिथेच थांबल्या. टोपलीतला पाव भिजून लगदा झाला होता.

तिने टोपली खाली ठेवली. डोक्याचा रुमाल पिळला. वित्सेकच्या हातातली बादली घेतली, पंपावर भरली. आम्हाला वाटलं, आता त्याची धडगत नाही. पण ती त्याच्या शेजारून पुढे गेली, थेट औषधवाल्याच्या भिंतीपाशी. तिथे जमिनीलगत तळघराची गजांची खिडकी होती. तिने अख्खी बादली आत ओतली.

"आत कुणी असेल नसेल," ती मोठ्याने म्हणाली, "ईस्टरला कुणी कोरडं राहू नये."

खाली खोकला ऐकू आला. मग आवाज आला, चिरका, पण त्यातला आगाऊपणा ओळखीचा.

"आई, अगं आज सोमवार. तुमचा दिवस उद्या. एवढंही कळत नाही तुला?"

सगळ्या चौकाने ऐकलं. पेलागियाने भिंतीला हात टेकला, तेवढंच.

मरोझिक पायऱ्या उतरून आला. "कोण ओरडलं?"

"कोण ओरडणार? खाली कुणी नाही ना. रोज तर सांगता."

"तुलाही आत टाकीन, म्हातारे."

"टाका की. म्हणजे मीही 'इथे नाही'. कॉलर मात्र मग तुमच्या तुम्ही धुवा."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं, मग अजून कुणी. मरोझिकने शिपायांकडे पाहिलं. ते आपापल्या बुटांकडे बघत होते. सणाच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून आलेल्या गावासमोर, ओल्या बाईला फरपटत न्यायला एकही पुढे होईना. त्याने बादलीला लाथ घातली आणि आत निघून गेला.

मंगळवारी मी बादली घेऊन निघाले तर रस्ता बायकांनी भरलेला. चौकात शिपाई बंदुका घेऊन उभे. पेलागिया सगळ्यांच्या पुढे.

"आज बायकांचा दिवस आहे, वित्सेक. बाजूला हो, नाहीतर भीज."

तो हलला नाही. भिजला. मग हलला.

एकेक बाई खिडकीशी जायची, पाणी ओतायची आणि आपल्या माणसाला हाक मारायची. काहींना ओ मिळाली. मी फेलेकला हाक मारली. पुन्हा मारली. खालून कुणी दुसराच बोलला, "फेलेक नाही, बाई. त्याला नेला. पण तुम्ही ओता. तहान लागलीय आम्हाला."

मी सगळी बादली ओतली. मग तिथेच उभी राहून रडले, आणि मरोझिकचं नाव घेऊन, त्याच्या खिडकीखाली, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. पेलागियाने मला थांबवलं नाही. तिने माझी बादली घेतली आणि पुन्हा भरून आणली.

बुधवारी गवंडी आणून त्यांनी ती खिडकी विटांनी बुजवली. पेलागिया कोरडी टोपली घेऊन दारात गेली. मी सोबत होते. वित्सेक शिंकत होता. त्याने आजूबाजूला पाहिलं, टोपली घेतली आणि 'इथे नाही' म्हणाला नाही.

"लोकरी मोजे मागतोय, मावशी," तो हळूच म्हणाला.

"आणते," पेलागिया म्हणाली. "आणि सांग त्याला, वार मला कळतो."