आधी एक जुनं

आमच्या घरात दोन गोष्टी दर रविवारी वाढतात. एक रद्दी आणि दुसरे बाबांच्या मित्रांचे किस्से. रद्दी निदान कबाडीवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. हसू आलं तर हसा. मलाही पूर्वी यायचं.

मंडळी तीन. एक आमचे बाबा. विमा कंपनीत ऑफिसर, बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच रुतले. दुसरे मुकुंदकाका, मूळचे नागपूरचे, बँकेत. हे दोघं पुण्याला हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचे. तिसरे राठोडजी, इथलेच. सीतापुऱ्यात त्यांचा रजयांचा कारखाना आहे, माल परदेशी जातो. या तिघांना जोडणारी गोष्ट म्हणजे हेवी मेटल. हो, तेच. काळे टी-शर्ट, कानठळ्या बसवणारी गिटार, मानेपर्यंत केस. केस आता एकट्या राठोडजींना उरलेत, तेही मिशीत.

रविवारी अकरा वाजता मालवीय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये यांची बैठक भरते. सीडी आल्या, एमपीथ्री आल्या, यांचं कॅसेटवरच. आणि एक नियम: गिटारचा सोलो चालू असताना कुणी बोलायचं नाही.

एकदा आईने दारात येऊन विचारलं, "भात लावू का?"

तिघांचे हात एकदम वर! चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखे. आई थांबली. सोलो संपला, बाबांनी डोळे उघडले, पुसले आणि म्हणाले, "हं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही," आई म्हणाली. "आता पोळीच खा."

आणि हे सगळं किती आवाजात? बटण दोनवर! कारण मुकुंदकाकांना बीपी आणि खालच्या माथुर आंटींना मायग्रेन. जगातलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं संगीत आमच्याकडे इतकं हळू वाजतं, की कुकरची शिट्टी झाली तर सोलो मागे घेऊन परत लावावा लागतो.

* * *

यांचा दुसरा नियम असा, की मेटल संपलं. कधी? तर बाबांचं लग्न झालं त्याच्या आसपास. त्यानंतर जे काही वाजलं तो गोंगाट.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका नव्या बँडची सीडी आणली आणि हौसेने बाबांना दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. फोटोतल्या मुलांकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "चांगली आहेत पोरं. पण आता उशीर झाला."

"कशाला उशीर झाला?"

"मेटल वाजवायला."

सीडी त्यांनी ऐकली नाही. मुकुंदकाकांनी मात्र तिचा उपयोग केला. सहा महिने त्यांच्या स्कूटरला मागे रिफ्लेक्टर म्हणून लावलेली होती.

* * *

मी यांच्यावर चिडते कारण मी यांचीच आहे. मला पाळण्यात असल्यापासून बाबांनी हेच ऐकवलं. बाकीच्या मुली शाळेच्या गॅदरिंगमध्ये घूमर नाचायच्या, तेव्हा मला वाटायचं यात ड्रम्स का नाहीत. मग कॉलेजमध्ये निखिल भेटला, गिटारवाला. फैजल भेटला, ड्रमर. गायला मी. गायला म्हणजे ओरडायला, असं आई म्हणते. बेस वाजवायला शेवटपर्यंत कुणी मिळालं नाही. आमच्या बँडचं नाव 'लू', म्हणजे इकडचा उन्हाळ्यातला भाजणारा वारा. मे महिन्यात जयपूरमध्ये दुपारी दार उघडलंत तर कळेल हे नाव का.

आमची तीन-चार गाणी होती, त्यात एकच खरोखर चांगलं. 'टँकर'. हिंदीत, सहा मिनिटांचं. उन्हाळ्यात लेनमध्ये पाण्याचा टँकर येतो आणि सभ्य माणसं बादल्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जातात, त्याचं.

"मेटलमध्ये टँकर?" बाबा म्हणाले. "अगं, मेटलमध्ये युद्ध असतं, मृत्यू असतो."

"बाबा, मागच्या मे महिन्यात तुम्ही शर्माजींची कॉलर धरली होती."

"ते वेगळं."

मला एवढंच हवं होतं, की बाबांनी 'टँकर' एकदा शेवटपर्यंत ऐकावं. सहा मिनिटं. बावीस वर्षं मी त्यांचं ऐकलं, त्यांनी माझं सहा मिनिटं ऐकावं. आवडलं नाही तर नाही म्हणावं. बाकी कशाचीच अपेक्षा नव्हती.

* * *

आधी युक्ती करून पाहिली. निखिलच्या कॉम्प्युटरवर 'टँकर' रेकॉर्ड केलं, एका जुन्या कॅसेटवर उतरवलं आणि रविवारी ती मुकुंदकाकांच्या हातात दिली. म्हटलं, "काका, चोर बाजारात मिळाली. कुणाची आहे कळत नाही."

कॅसेट लागली. आमच्या गाण्याला सुरुवातीला दीड मिनिट नुसती गिटार आणि ड्रम्स आहेत. तिघं सावरून बसले. राठोडजींचा पाय हलायला लागला. बाबांनी डोळे मिटले. मुकुंदकाका हळूच म्हणाले, "काय वाजवून राहिला बे हा! जर्मनच असंन."

"स्वीडन," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "हा थंडीतला आवाज आहे."

माझं काळीज इतकं धडधडत होतं की फैजलचे ड्रम्स मला ऐकू येईनात. मग दीड मिनिट संपलं आणि माझा आवाज आला: "भैया, एक बाल्टी!"

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. आणि स्टॉपचं बटण दाबलं.

"जुनी कॅसेट आहे," ते म्हणाले. "टेप अडकेल."

* * *

आता यांच्या लाइव्ह शोबद्दल. हे तिघं 'लाइव्ह'वर तासन् तास बोलायचे. लाइव्हमध्ये जी मजा आहे ती स्टुडिओत नाही वगैरे. मी लहानपणापासून समजत होते की यांनी ढीगभर कॉन्सर्ट पाहिल्या असतील. एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही पहिला लाइव्ह शो कुठे पाहिला?"

राठोडजी मिशी कुरवाळायला लागले, मुकुंदकाका कॅसेटी नीट लावायला लागले.

एकही नव्हता पाहिला! पंचवीस वर्षांत एकही नाही. यांचं लाइव्ह म्हणजे लाइव्ह रेकॉर्डिंगच्या कॅसेटी. त्या इतक्या पाठ, की कुठल्या गाण्यात पब्लिक कुठे ओरडतं तेसुद्धा यांना माहीत. तिथे हे पण ओरडतात. हळू आवाजात. माथुर आंटींमुळे.

म्हणून आमच्या कॉलेजच्या फेस्टला दिल्लीचा एक मेटल बँड येणार होता तेव्हा मी तिघांना घेऊन गेले. फेब्रुवारीची संध्याकाळ. बाबांनी मफलर घेतला, राठोडजींनी थर्मास. मुकुंदकाकांनी बसायला उशी आणली होती. "खुर्च्या कुठंत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मैदानात खुर्च्या नव्हत्या. मुकुंदकाका उशी पोटाशी धरून उभे राहिले.

दुसऱ्या गाण्याला स्टेजपुढे मुलं गोल करून एकमेकांना धडका मारायला लागली. मेटल शोमध्ये हे असं होतंच, त्याला पिट म्हणतात. कुणी पडला तर बाकीचे उचलतात. मी काही सांगायच्या आत मुकुंदकाका उशीसकट त्या गोलात!

"अबे, मारामारी कायले करता? शिकलेली पोरं ना तुम्ही! ए लाल शर्टवाले भैया, छोडो उसको!"

मुलांना वाटलं अंकल नाचायला आलेत. त्यांनी अंकलना खांद्यावर उचललं. मैदानभर टाळ्या, शिट्ट्या. काका वरून ओरडत होते, "सिक्युरिटी! सिक्युरिटी!"

घरी येताना मी विचारलं, "बाबा, कसा वाटला?"

त्या बँडने मध्ये एक जुनं गाणं वाजवलं होतं, बाबांच्या लाडक्या बँडचं.

"सोलो बदलला त्याने," ते म्हणाले. "कॅसेटमध्ये असा नाहीये."

* * *

राठोडजींनी मात्र आमच्यावर एक उपकार केला. प्रॅक्टिसला जागा नव्हती, तर रविवारी दुपारी कारखान्याचं गोदाम दिलं. चारी बाजूंनी छतापर्यंत रजया. आवाज बाहेर जात नाही, घुमतही नाही. असा स्टुडिओ लाखो रुपये देऊन मिळाला नसता.

फक्त एक अट. रविवारची बैठक आटोपून तिघंही तिथे यायचे, रजयांच्या गठ्ठ्यावर बसायचे आणि राठोडजी म्हणायचे, "बेटा, पहले एक पुराना हो जाए."

एक जुनं वाजवलं की मुकुंदकाकांना दुसरं आठवायचं. ते झालं की बाबा निखिलला सांगायचे, "तिसऱ्या ओळीनंतर तू जरा घाई केलीस. परत घे." परत घेतलं की चहा. चहानंतर तिघांमध्ये वाद, की मूळ गाण्यात तिथे दोन ठोके आहेत का तीन. मग पाच वाजता चौकीदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा.

असे सतरा रविवार गेले. फैजल एकदा मला म्हणाला, "यार, हम बँड हैं या टेप रेकॉर्डर?"

मी त्या दिवशी राठोडजींना स्पष्ट विचारलं, "अंकल, आज आधी आमचं वाजवू का?"

राठोडजी खरंच प्रेमळ माणूस आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, तुम्हारा तो तुम लोग कभी भी सुना सकते हो।"

* * *

कभी भी फार दिवस उरलं नाही. निखिलला बंगलोरला नोकरी लागली. जायच्या आठवडाभर आधी आम्ही मालवीय नगरमध्येच एक छोटा हॉल घेतला, पास झेरॉक्स करून वाटले. 'लू'चा पहिला स्वतंत्र कार्यक्रम, आणि सगळ्यांना माहीत होतं की शेवटचा.

मी बाबांना पास हातात दिला. म्हटलं, "तीन गाणी. पहिली दोन जुनी, खास तुमच्यासाठी. तिसरं 'टँकर'. तेवढं ऐकून जा."

"अगं, जाईन कशाला?" बाबा म्हणाले. "मुलीचा कार्यक्रम आहे."

हॉलमध्ये तेवीस माणसं होती. मी स्टेजवरून मोजली, सोपं होतं. तिघं मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. आई पहिल्या रांगेत, कानात कापूस. पहिलं जुनं झालं. दुसरं जुनं झालं, त्यात निखिलने सोलो अगदी कॅसेटसारखा वाजवला. मागून मुकुंदकाकांची शिट्टी आली. बाबा टाळ्या वाजवत होते, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन. मला इतकं बरं वाटलं!

मी माइक घेतला. "आता आमचं."

आणि त्या तिघांची डोकी दाराकडे वळलेली मी वरून पाहिली. दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला, दार बंद झालं.

मी कशी गायले मला आठवत नाही. घरी आले तर बाबा जेवत होते. म्हणाले, "छान झाला हं कार्यक्रम. दुसरं गाणं तर फारच छान! पार्किंगमध्ये गर्दी झाली असती ना, म्हणून जरा आधी निघालो."

तेवीस माणसांची गर्दी.

आई स्वयंपाकघरात होती. ती शेवटपर्यंत बसली होती. कानातला कापूस काढत म्हणाली, "शब्द काही कळले नाहीत बाई. पण कुणाचा राग आला होता ते कळलं."

* * *

याला दोन वर्षं झाली. निखिल बंगलोरला, फैजल दुबईला. मी सीतापुऱ्यात एका कंपनीत नोकरी करते आणि रविवारी उशिरा उठते.

मागच्या रविवारी बैठकीला तीन नवीन मुलं आली होती. माझ्याच कॉलेजची, एक मुलगी आणि दोन मुलगे. नवा बँड काढलाय आणि गोदामाबद्दल ऐकून राठोडजींना भेटायला आलेली. मी चहा घेऊन दारात उभी होते. ती मुलगी मोबाइल पुढे करून म्हणत होती, "अंकल, हमारा अपना गाना है। एक बार सुन लीजिए, चार ही मिनट का है।"

"चार मिनट?" बाबा हसले. "बेटा, इस शहर में एक ही बँड हुआ। लू। उनका एक गाना था, टँकर। छह मिनट का! अब वैसा कौन बजाता है?"

राठोडजींनी मान डोलावली. "अब कहाँ।"

"हॉल खचाखच भरा था," बाबा सांगत होते. "लोग खिडकियों में खडे थे। और गाने का एंड! ड्रम्स बंद, गिटार बंद, सिर्फ लडकी की आवाज। पूरा हॉल चुप। आज भी रोंगटे खडे होते हैं।"

'टँकर'च्या शेवटी असं काही नाही. शेवटी आम्ही तिघं जीव खाऊन वाजवतो आणि मी दम संपेपर्यंत ओरडते. ती मुलगी मोबाइल हातात घट्ट धरून ऐकत होती. तिने गाणं अजून लावलं नव्हतं.

मी चहाचा ट्रे ठेवला. "बाबा, तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?"

"पुढे! अगदी पुढे. मुकुंदा, आठवतं ना?"

"म्हणजे काय!" मुकुंदकाका म्हणाले. "आठ दिवस कानात शिट्टी वाजून राहिली होती."

"शेवट असा नव्हता, बाबा. मी गात होते."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. बाबा जराही गडबडले नाहीत. उलट त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरोखरचं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला.

"तू स्टेजवर होतीस, बाळा. तुला कसं कळणार? ते समोरून ऐकावं लागतं."